सीनियर सॉफ्टबॉलचा संघ उभा करताना: खेळाडूंची पात्रता, वयोगट आणि रोस्टर

पन्नाशी ओलांडलेल्यांच्या स्लो-पिच सॉफ्टबॉलमध्ये (चेंडू सावकाश, उंच कमानीतून टाकण्याचा प्रकार) हरण्याची सगळ्यात वाईट तऱ्हा म्हणजे कागदावर हरणं. संघाने दोन सामने जिंकलेले असतात, तिसऱ्याच्या तोंडावर समोरचा मॅनेजर एका खेळाडूच्या वयाबद्दल हरकत घेतो, ओळखपत्र मागितलं जातं, आणि जिंकलेले सामने हरलेले धरले जातात. यामागे लबाडी क्वचितच असते. एखादी जन्मतारीख उलटी लिहिली गेलेली असते, नाव टोपणनावाने टाकलेलं असतं, किंवा शेवटच्या क्षणी बोलावलेल्या खेळाडूचं नाव रोस्टरमध्ये, म्हणजे संघाच्या अधिकृत यादीत, चढवायचंच राहून गेलेलं असतं. हे सगळं घरबसल्या, दोन संध्याकाळी खर्च करून टाळता येतं.

हा लेख अमेरिकेतल्या सीनियर स्लो-पिच स्पर्धांमध्ये पहिल्यांदाच संघ उतरवणाऱ्या मॅनेजरसाठी आहे. ज्याला एखाद्या संघाकडून बोलावणं आलंय आणि आपण बसतो की नाही हे बघायचंय, अशा खेळाडूलाही तो उपयोगी पडेल.

आधी हाताशी काय हवं

कामाला बसण्यापूर्वी एवढं गोळा करा:

- ज्या संघटनेच्या नियमांखाली स्पर्धा आहे तिची चालू वर्षाची नियमपुस्तिका. गेल्या वर्षीची चालणार नाही.
- त्या विशिष्ट स्पर्धेचं माहितीपत्रक. स्पर्धेचे स्वतःचे जादा नियम यातच असतात.
- प्रत्येक खेळाडूच्या सरकारी फोटो ओळखपत्राची प्रत: ड्रायव्हिंग लायसन्स, स्टेट आयडी किंवा पासपोर्ट.
- राहण्याच्या पत्त्याचा पुरावा, खास करून ज्यांची दोन राज्यांत घरं आहेत त्यांचा.
- प्रत्येक खेळाडूने गेल्या दोन-तीन हंगामांत कोणत्या संघाकडून, कोणत्या वयोगटात आणि कोणत्या दर्जात खेळलं त्याची यादी.
- जबाबदारीमुक्तीच्या फॉर्मवर (दुखापत झाली तर आयोजकांना जबाबदार धरणार नाही, असं लिहून देण्याचा कागद) प्रत्येकाची सही.
- आपत्कालीन संपर्काचा फोन नंबर आणि औषधांची माहिती. हे संघटना मागेल न मागेल, तुमच्याजवळ असलंच पाहिजे. साठी-सत्तरीतली माणसं उन्हात दिवसाला दोन-तीन सामने खेळतात. कोणाला रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, हे डगआउटमधल्या (संघाच्या बसण्याच्या जागेतल्या) कोणाला तरी ठाऊक असायला हवं.

१. स्पर्धा कोणाच्या नियमांखाली आहे ते आधी ठरवा

सीनियर सॉफ्टबॉलला एकच एक सर्वोच्च संघटना नाही. सॅक्रामेंटोची सीनियर सॉफ्टबॉल-यूएसए १९८८ पासून फक्त याच वयाच्या खेळाडूंसाठी काम करते. यूएसए सॉफ्टबॉल, म्हणजे १९३३ साली सुरू झालेली आणि २०१७ पर्यंत अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन या नावाने ओळखली जाणारी संघटना, सगळ्या वयांसाठी आहे आणि तिच्यात सीनियर गटही आहेत. इंटरनॅशनल सीनियर सॉफ्टबॉल असोसिएशन वेगळी. युटामधल्या सेंट जॉर्जला दर ऑक्टोबरमध्ये भरणाऱ्या हंट्समन वर्ल्ड सीनियर गेम्समध्ये सॉफ्टबॉल हा अनेक खेळांपैकी एक खेळ, आणि तिथली नोंदणीची पद्धत पुन्हा निराळी.

म्हणून एका संघटनेत मंजूर झालेलं रोस्टर दुसरीत आपोआप चालेल असं मुळीच धरू नका. वय मोजण्याची तारीख, रोस्टरमधल्या नावांची कमाल संख्या, बाहेरच्या राज्यातले खेळाडू, एका खेळाडूने दोन संघांत खेळणं, या प्रत्येक बाबतीत नियम बदलू शकतो. बॅटही बदलतात. एका ठिकाणी चालणारी बॅट दुसऱ्या ठिकाणी बेकायदा ठरते, आणि तिच्यामुळे खेळाडूवर थेट कारवाई होऊ शकते.

आणखी एक गोष्ट पहिल्याच फोनला विचारून घ्या. ‘सीनियर’ म्हणजे नेमकं काय? काही देशांत आणि काही संघटनांत सीनियर म्हणजे ज्युनियरच्या वरचा खुला गट, जिथे वीस-बावीस वर्षांची मुलं खेळतात. पन्नाशीच्या संघाने अशा गटात पैसे भरले तर ते परत मिळवताना नाकी नऊ येतात.

२. प्रत्येकाचं वय मोजा, पण वाढदिवसावरून नव्हे

इथे नवखे लोक सगळ्यात जास्त अडखळतात, आणि नियम खरं तर अगदी सोपा आहे. सीनियर सॉफ्टबॉलमध्ये सर्वसाधारण पद्धत अशी, की खेळाडूचं वय चालू वर्षाच्या ३१ डिसेंबरला किती असेल ते धरायचं. म्हणजे चालू वर्षातून जन्मवर्ष वजा करायचं, बस्स. महिना आणि दिवस बघायचाच नाही.

२०२६ च्या हंगामाचं उदाहरण घेऊ. ५० च्या गटात १९७६ किंवा त्याआधी जन्मलेला खेळाडू बसतो. ५५ साठी १९७१, ६० साठी १९६६, ६५ साठी १९६१, ७० साठी १९५६. गट पाच-पाच वर्षांनी पुढे सरकतात आणि ८० च्या पलीकडेही जातात. महिलांचे गट बऱ्याच ठिकाणी ४० पासून सुरू होतात.

आता १४ नोव्हेंबर १९७६ ला जन्मलेला खेळाडू घ्या. फेब्रुवारी २०२६ मध्ये तो ४९ वर्षांचाच आहे, तरी ५० च्या गटात खेळू शकतो. त्याचा स्वतःचाच यावर विश्वास बसत नाही आणि तो नोव्हेंबरपर्यंत थांबून अख्खा हंगाम घालवतो. उलट १ जानेवारी १९७७ ला जन्मलेला खेळाडू, फक्त दीड महिन्याने लहान, पूर्ण वर्षभर बाहेर. त्याला दया दाखवण्याची सोय कोणाकडेही नाही. ‘दोन-चार दिवसांचाच तर प्रश्न आहे’ हे वाक्य स्पर्धा संचालकाला ऐकवू नका.

दोन सावधगिरीच्या सूचना. पहिली, काही स्थानिक लीग वय ३१ डिसेंबरला न धरता लीग सुरू होण्याच्या दिवशी धरतात. तिथे वरचं गणित चालत नाही. दुसरी, हिवाळ्यात, वर्ष बदलताना भरणाऱ्या स्पर्धांत वय कोणत्या वर्षाचं धरणार हे माहितीपत्रकात शोधा. सापडलं नाही तर ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं उत्तर मैदानावर दाखवता येत नाही.

३. संघाचा गट सगळ्यात लहान खेळाडू ठरवतो

सरासरी वय, कॅप्टनचं वय, बहुसंख्य खेळाडूंचं वय, यातलं काहीही मोजलं जात नाही. रोस्टरवरचा सर्वात तरुण खेळाडू ज्या गटात बसतो, तोच संघाचा सगळ्यात वरचा गट.

समजा तुमच्याकडे ६१ ते ६६ वयाचे चौदा जण आहेत आणि पंधरावा ५८ चा, पण शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षणाची जागा) त्याच्या तोडीचा कोणी नाही. त्याचं नाव घातलंत की तुमचा संघ ५५ चा झाला. समोर पंचावन्न-छप्पन वर्षांचे धावणारे पाय येतील आणि तुमचे चौदा जण दर सामन्यात आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान माणसांशी झुंजत राहतील. एका चांगल्या हातासाठी हा सौदा बहुतेक वेळा तोट्याचा ठरतो. या वयात पाच वर्षांचा फरक पहिल्या बेसपर्यंतच्या (फलंदाजाने धावून गाठायच्या पहिल्या थांब्यापर्यंतच्या) धावेत लगेच दिसतो.

उलट दिशेने मात्र मोकळीक आहे. वयाने मोठा खेळाडू खालच्या गटात खेळू शकतो, त्याला वरची मर्यादा नाही. ६७ चा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ५५ च्या संघात सहज चालतो. अनेक संघांचे पिचर संघातले सगळ्यात वयस्कर असतात, आणि त्यात आश्चर्य काही नाही. चेंडू ६ ते १२ फूट उंचीच्या कमानीतून टाकायचा, तो प्लेटच्या (फलंदाजाजवळच्या पाटीच्या) मागच्या कडेला बरोबर उतरवायचा, याला पायांपेक्षा सराव लागतो.

मॅनेजर म्हणून तुम्ही एक तक्ता करून ठेवा: नाव, जन्मवर्ष, यंदाचं वय, पुढचा गट कोणत्या वर्षी लागणार. दोन-तीन चांगले खेळाडू पुढच्या जानेवारीत ६० चे होणार असतील, तर यंदा ५५ मध्ये खेळून पुढच्या वर्षी सगळा संघ एकत्र वर नेता येतो. जे संघ वर्षानुवर्षं टिकतात ते असंच दोन वर्षं पुढचं बघून माणसं गोळा करतात.

४. दर्जा: ए-ए, ट्रिपल-ए, मेजर, मेजर प्लस

वयोगटाच्या आत पुन्हा खेळाच्या ताकदीप्रमाणे दर्जे असतात. सीनियर सॉफ्टबॉल-यूएसएच्या पद्धतीत मेजर प्लस सगळ्यात वरचा, मग मेजर, ट्रिपल-ए आणि ए-ए. नव्या संघाने आपला दर्जा स्वतः सुचवायचा असतो, पण शेवटचा शब्द संघटनेचा. एखादा संघ एकाच दर्जात सतत जिंकत राहिला तर त्याला वर ढकललं जातं.

इथे तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा खेळाडूंच्या इतिहासाचा. गेल्या वर्षी मेजर प्लसमध्ये खेळलेले तीन-चार जण तुमच्या नव्या संघात आले, तर ‘आम्ही नवे आहोत, ए-ए मध्ये घाला’ हे कोणी ऐकणार नाही. वरच्या दर्जाचे किती खेळाडू खालच्या संघात चालतात यावर बंधनं असतात. म्हणूनच सुरुवातीच्या यादीत प्रत्येकाचा मागचा संघ लिहून घ्यायला सांगितलं.

दुसरा, संघाचं नाव बदलून दर्जा उतरवण्याचा प्रयत्न. दर्जा खेळाडूंच्या मागे जातो. तेच नऊ-दहा जण नव्या शर्टांत आले तर जुना दर्जा त्यांच्यासोबत येतो, आणि अर्जात मागचा संघ लपवलेला असेल तर ती खोटी माहिती ठरते. मग गोष्ट दर्जापुरती राहत नाही, मॅनेजरच्या निलंबनापर्यंत जाते.

तिसरा खड्डा उलट्या बाजूचा. हौसेने स्वतःला जास्त वर धरणं. पहिल्या वर्षी ट्रिपल-ए मध्ये उतरून प्रत्येक सामना पंधरा धावांनी हरलेला संघ दुसऱ्या वर्षी उभाच राहत नाही. शंका असेल तर खालचा दर्जा मागा, खेळाडूंची खरी माहिती द्या आणि निर्णय समितीवर सोडा. यात कमीपणा काही नाही.

कमी संघ आल्यामुळे दोन दर्जे एकत्र खेळवले जातात तेव्हा खालच्या दर्जाच्या संघाला काही धावांची किंवा एका जादा क्षेत्ररक्षकाची सवलत देण्याची पद्धत आहे. ती मिळते का, आणि धावा की क्षेत्ररक्षक हे कोण निवडतं, हे पहिल्या सामन्याआधी विचारून ठेवा. जादा क्षेत्ररक्षक मिळाला आणि मैदानात उतरवायला माणूसच नाही, असं व्हायला नको.

५. कोण कुठे राहतो

संघटनांना लांबलांबून चांगले खेळाडू उचलून बांधलेले संघ खालच्या दर्जांत नको असतात. त्यामुळे बाहेरच्या राज्यातले किंवा विभागातले किती खेळाडू चालतील याला मर्यादा असू शकते, आणि खालच्या दर्जांत ती जास्त कडक असते. शेजारच्या राज्याला बरेचदा सूट मिळते.

निवृत्त माणसांच्या खेळात यातून एक खास अडचण उभी राहते. उन्हाळ्यात मिशिगनला आणि हिवाळ्यात फ्लोरिडा किंवा ॲरिझोनाला राहणारा खेळाडू नेमका कुठला? साधारणपणे लायसन्सवरचा पत्ता धरला जातो, आणि तोच मतदार नोंदणीत आणि कराच्या कागदांत असेल तर वाद उरत नाही. दोन घरांचे दोन पत्ते वेगवेगळ्या संघांना दिलेले असले की अडचण येते. हंगामाच्या सुरुवातीला खेळाडूकडून एकच पत्ता लिहून घ्या. पोस्ट ऑफिस बॉक्सचा नंबर पत्ता म्हणून टाकू नका.

६. रोस्टरमध्ये किती नावं घालावीत

संघटनेची कमाल मर्यादा नियमपुस्तिकेत मिळेल. ती गाठायलाच हवी असं नाही, आणि गाठू नये असं माझं ठाम मत आहे.

खुल्या गटातल्या स्लो-पिचमध्ये मैदानात दहा जण असतात. सीनियर सॉफ्टबॉल-यूएसएच्या सामन्यांत अकरा: पिचर, कॅचर (फलंदाजामागे चेंडू पकडणारा), तीन बेस, शॉर्टस्टॉप, पिचरच्या मागे मधल्या भागात फिरणारा जादा इनफिल्डर (बेसांजवळचा क्षेत्ररक्षक) आणि चार आउटफिल्डर (बेसांपलीकडचे क्षेत्ररक्षक). फलंदाजीत अकरापेक्षा जास्त, हवं तर हजर असलेले सगळे, लावता येतात. ही सोय फार चांगली आहे, कारण हजार मैल उडून आलेला माणूस दिवसभर बाकावर बसत नाही. पण तिची किंमत आहे.

हिशेब करून बघा. सात डावांत २१ बाद. संघाने १५ धावा केल्या आणि सहा जण बेसवर अडकून राहिले असं धरलं, तर एकूण ४२ जण फलंदाजीला येतात. एका डावात पाच धावांची मर्यादा असेल तर हा आकडा आणखी खाली येतो. अकरा जण फलंदाजीत असतील तर प्रत्येकाला जवळपास चार वेळा बॅट मिळते, चौदा असतील तर तीनदा, सतरा असतील तर अडीच वेळा. सतराव्या माणसाला दोनदाच बॅट मिळाली की तो संध्याकाळी मॅनेजरला फोन करतो, आणि त्याचं काही चुकत नसतं.

दुसऱ्या बाजूला, बरोबर अकरा-बारा नावं घेऊन उतरणं हा वेडेपणा आहे. या वयात दर स्पर्धेत कोणाची तरी मांडी भरून येते, कोणाचं गुडघ्याचं दुखणं डोकं वर काढतं, कोणाच्या घरी अचानक काही निघतं. १५ किंवा १६ नावं रोस्टरवर आणि प्रत्यक्ष स्पर्धेला १३-१४ जण, हे प्रमाण चांगलं बसतं. त्यात पिचर दोन हवेत, कॅचर म्हणून बसू शकणारे दोन, आणि मधला इनफिल्ड सांभाळणारे निदान चार. आउटफिल्डर शोधायला त्रास पडत नाही. पिचर मिळायला पडतो, म्हणून यादी करताना पिचरपासून सुरुवात करा.

७. रोस्टर भरताना एकेक रकाना बघा

आता प्रत्यक्ष फॉर्म. तो ऑनलाइन असो की कागदी, चुका त्याच होतात.

नाव. ओळखपत्रावर आहे तसंच. सगळे ज्याला ‘बॉब’ म्हणतात त्याच्या लायसन्सवर रॉबर्ट असतं. रोस्टरवर बॉब आणि लायसन्सवर रॉबर्ट असं दिसलं तर ओळख पटवताना वेळ जातो, आणि तेवढ्यात सामना सुरू होतो. भारतीय नावांत ही गुंतागुंत आणखी वाढते. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून आलेलं असतं, लायसन्सवर ते गळलेलं असतं, कधी आडनाव आणि नाव यांची जागाच बदललेली असते. मैदानावर जे ओळखपत्र घेऊन येणार आहात त्याच्याशी जुळणारं नाव लिहा आणि स्पर्धाभर तेच ओळखपत्र वापरा.

जन्मतारीख. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. ०३/०७/१९७६ म्हणजे ७ मार्च. दिवस आधी लिहायची सवय असलेला माणूस हेच ३ जुलैसाठी लिहितो. वर्ष बरोबर असल्याने गट बदलत नाही, पण रोस्टर आणि ओळखपत्र यांच्यात तफावत दिसली की हरकत घेणाऱ्याला निमित्त मिळतं. तारीख खेळाडूच्या तोंडून ऐकून लिहू नका, ओळखपत्राच्या प्रतीवरून उतरवा. एकाने वाचावं आणि दुसऱ्याने लिहावं, मग अदलाबदल करून पुन्हा तपासावं.

शर्टाचा नंबर. एकाच नंबराचे दोन खेळाडू नकोत. दोन खेळाडूंनी आपापले जुने शर्ट हट्टाने आणले, दोघांचाही नंबर ७, हे फार वेळा होतं. कोणाचा नंबर बदलायचा ते हंगामाआधी ठरवा.

सही. प्रत्येकाने स्वतःची सही स्वतः करायची. वेळ वाचवायला मॅनेजरने किंवा मित्राने केलेली सही ही खोटी सही आहे, दुसरं काही नाही. दुखापत झाल्यावर विम्याचा दावा केला आणि जबाबदारीमुक्तीचा फॉर्म खेळाडूने भरलेलाच नव्हता असं निघालं, तर सगळ्यात जास्त नुकसान त्या खेळाडूचंच होतं.

मॅनेजर आणि कोच. मैदानावर न उतरणारा पण डगआउटमध्ये बसणारा माणूस असेल तर त्याचंही नाव कुठे टाकायचं ते विचारा. आणि जो मॅनेजर खेळूही शकतो त्याने खेळाडूंच्या यादीतही आपलं नाव घालावं. ऐनवेळी दहाच जण उरले आणि मॅनेजर हातमोजा घेऊन उभा आहे पण यादीत नाही, अशी वेळ आणू नका.

भरून झालं की पूर्ण रोस्टर सगळ्या खेळाडूंना पाठवा आणि प्रत्येकाकडून ‘माझी ओळ बरोबर आहे’ असं लेखी उत्तर घ्या. हे काम स्पर्धेच्या महिनाभर आधी झालेलं असावं.

८. रोस्टर गोठण्याची तारीख, भर आणि वजाबाकी

प्रत्येक स्पर्धेला एक मुदत असते. त्यानंतर नवीन नाव चढत नाही. काही ठिकाणी ती स्पर्धेच्या काही दिवस आधी, काही ठिकाणी पहिला चेंडू टाकेपर्यंत. मोठ्या स्पर्धांत तर हंगामातल्या ठराविक तारखेनंतर खेळाडूला संघच बदलता येत नाही.

खेळाडू दुसऱ्या संघातून येत असेल तर आधीच्या संघाने त्याला मोकळं केलंय याची नोंद संघटनेकडे हवी. खेळाडू म्हणतो, ‘मी त्यांना सांगितलंय’. ते पुरेसं नाही. जुन्या मॅनेजरने यादीतून नाव काढलं नसेल तर एकाच गटात दोन संघांच्या रोस्टरवर तेच नाव दिसतं, आणि अडचणीत नवा संघ येतो.

एका खेळाडूने दोन संघांकडून खेळणं ही वेगळी गोष्ट. एकाच स्पर्धेत, एकाच वयोगटात दोन संघ, हे चालत नाही. दोन वेगवेगळ्या वयोगटांत, उदाहरणार्थ ६० आणि ६५, काही संघटना परवानगी देतात. परवानगी असली तरी सामन्यांच्या वेळा तुमच्यासाठी कोणी जुळवणार नाही. दोन सामने एकाच वेळी आले तर तो कोणाकडून खेळणार हे आधी लेखी ठरवा. शिवाय सत्तरीजवळच्या माणसाने दिवसात पाच सामने खेळावेत का, हेही त्याला स्पष्ट शब्दांत विचारा.

निलंबित खेळाडूंची यादी बघायला विसरू नका. एका संघटनेने केलेली कारवाई दुसरी संघटनाही मान्य करू शकते. नवा खेळाडू फारच सहज उपलब्ध झाला असेल तर तो का मोकळा आहे हे शोधा.

हौशी असण्याबद्दलही थोडं. प्रायोजकाने शर्ट, प्रवास किंवा प्रवेश फी दिली तर या वयोगटांत सहसा अडचण येत नाही. पूर्वी व्यावसायिक बेसबॉल खेळलेला कोणी तुमच्याकडे असेल तर मात्र ते लपवू नका. संघाचा दर्जा ठरवताना त्याचा विचार होऊ शकतो.

९. मैदानावर: ओळखपत्र आणि लाइनअप कार्ड

पहिल्या सामन्याच्या तासभर आधी पोहोचा. रोस्टरच्या दोन छापील प्रती, ओळखपत्रांच्या प्रतींची फाइल आणि ईमेलने मिळालेल्या उत्तरांचे कागद एका प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. फोनवर आहे असं म्हणू नका. उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. मूळ ओळखपत्र प्रत्येक खेळाडूच्या बॅगेत, हॉटेलच्या खोलीत नाही.

लाइनअप कार्डवर फलंदाजीचा क्रम, पूर्ण नाव, शर्टाचा नंबर आणि मैदानातली जागा लिहायची. खाली राखीव खेळाडू. राखीव खेळाडूंची नावं अनेक जण लिहीतच नाहीत, आणि मग बदली करताना अंपायरला समजावत बसावं लागतं. अजून न पोहोचलेल्या खेळाडूचं नाव मुळीच फलंदाजीच्या क्रमात घालू नका. त्याची पाळी आली आणि तो वाहतुकीत अडकलेला असला तर त्या जागी बाद दिला जाऊ शकतो. उशिरा येणाऱ्याला शेवटी जोडता येतं का, हे कार्ड देतानाच अंपायरला विचारा.

सगळ्यांना फलंदाजी द्यायची ठरवली असेल तर आणखी एक प्रश्न विचारायचाच: खेळाडू दुखापतीने बाहेर गेला तर त्याची जागा वगळली जाते की दर वेळी बाद धरला जातो? सोळा जणांच्या क्रमात दोघं जखमी झाले आणि दोन्ही जागांवर बाद मिळू लागले तर सामना हातचा जातो. बाद धरला जात असेल तर क्रम छोटा ठेवा आणि बाकीच्यांना राखीव ठेवून पाळीपाळीने उतरवा.

सीनियर सॉफ्टबॉलमध्ये बेसवर पोहोचलेल्या संथ खेळाडूऐवजी दुसऱ्याला धावायला पाठवता येतं. लाइनअप ठरवताना हे डोळ्यांसमोर ठेवा, कारण त्यात एक सापळा आहे. बदली धावणारा अजून बेसवरच आहे आणि त्याची स्वतःची फलंदाजीची पाळी आली, तर बेसवर तो बाद धरला जातो. म्हणून गुडघेदुखीवाला चौथ्या क्रमांकावर असेल तर त्याच्यासाठी पाचव्या-सहाव्याला धावायला पाठवू नका. नुकताच फलंदाजी करून बाद झालेला, म्हणजे तिसऱ्या किंवा दुसऱ्या क्रमांकाचा, पाठवा. चपळ पाय फलंदाजीच्या क्रमात विखरून ठेवले की प्रत्येक संथ खेळाडूच्या आधी धावायला कोणीतरी मिळतो.

कार्ड अंपायरला आणि समोरच्या संघाला देण्यापूर्वी दुसऱ्या कोणाकडून तरी नंबर आणि नावं वाचून घ्या. देऊन झाल्यावर क्रम बदलता येत नाही.

१०. हरकत आली, किंवा तुम्हाला घ्यायची असेल तर

तुमच्या खेळाडूवर हरकत आली तर वाद घालू नका. अंपायरला बाजूला बोलवा, पाकीट उघडा, रोस्टरची ओळ आणि ओळखपत्र समोर ठेवा. कागद बरोबर असतील तर दोन मिनिटांत खेळ पुन्हा सुरू होतो. खेळाडूकडे ओळखपत्रच नसेल तर तो पात्र असूनही त्याला त्या सामन्यात बसावं लागू शकतं, आणि ओळखपत्र मागितल्यावर ते दाखवायला नकार देणं हा कबुलीजबाब धरला जाऊ शकतो.

खेळाडू खरोखर अपात्र निघाला तर शिक्षा फक्त त्या डावापुरती नसते. ज्या सामन्यांत तो खेळला ते संघाने गमावलेले धरले जाऊ शकतात, आणि खेळाडू व मॅनेजर दोघांवरही निलंबनाची वेळ येऊ शकते. चूक तुमच्याच लक्षात आधी आली तर ती संचालकाला स्वतः सांगा. खेळण्याआधी सांगितलेल्या चुकीवर बहुतेक वेळा तोडगा निघतो, खेळल्यानंतर नाही.

तुम्हाला हरकत घ्यायची असेल तर ती शांतपणे, ठरलेल्या पद्धतीने आणि विशिष्ट खेळाडूबद्दल घ्या: नाव, नंबर, नेमकी शंका काय. ‘हा एवढा म्हातारा वाटत नाही’ ही हरकत नव्हे. फी भरावी लागते का आणि किती वेळात, हे माहितीपत्रकात असतं. खेळाच्या नियमांबद्दलच्या हरकती त्या क्षणीच, पुढचा चेंडू टाकण्याआधी घ्यायच्या असतात, पात्रतेच्या हरकतीला साधारण जास्त वेळ मिळतो. तरी शंका पहिल्या सामन्यात आली असेल तर तिसऱ्यापर्यंत ती खिशात ठेवू नका.

स्पर्धा संपल्यावर रोस्टरची शेवटची, मंजूर प्रत तारखेसह जपून ठेवा. कोण प्रत्यक्ष आला, कोण खेळला, कोणत्या दर्जात खेळला, हे त्याच कागदावर लिहा. पुढच्या वर्षी दर्जाबद्दल प्रश्न आला तर हाच कागद लागतो. आणि १ जानेवारी उजाडला की यादीतल्या सगळ्यांचं वय एकाने वाढवून तक्ता नव्याने मांडा.